लिनक्सवर व्हिडिओ कॉलचा आवाज बारीक येतो? नेमका कुठे अडकलाय ते आधी शोधा

कॉलवर आवाज बारीक आला की पहिला हात व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो. शंभर टक्के करूनही भागलं नाही की मर्यादा वाढवून दीडशे करतात, आणि मग आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो. लिनक्सवर आवाजाची कळ एक नसते. कॉलच्या ॲपची एक, सिस्टिमची एक, साउंड कार्डाच्या आतल्या दोन-तीन आणि हेडफोनची स्वतःची एक, अशा त्या एकापुढे एक लागलेल्या असतात. त्यांचे टक्के गुणाकाराने चालतात. ॲप ७० टक्क्यांवर आणि सिस्टिम ७० टक्क्यांवर असेल तर हाती ४९ टक्के उरतात.

४९ टक्के म्हणजे निम्मा आवाज, असंही नाही. लिनक्सवर आवाजाचं काम बघणाऱ्या पल्सऑडिओ आणि पाइपवायर या दोन्ही प्रणालींत टक्के आणि प्रत्यक्ष पातळी यांचं नातं घनाचं, म्हणजे तिसऱ्या घाताचं, आहे, त्यामुळे ५० टक्क्यांना पातळी १८ डेसिबलने उतरते. साधारण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे दोन कळा थोड्या थोड्या खाली असल्या तरी समोरच्याचा आवाज जवळजवळ पावपट होतो. तेव्हा काहीही वाढवण्याआधी खाली राहिलेली कळ शोधायची. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

आधी तक्रार नीट ठरवा

कॉल बंद करा. सिस्टिमच्या साउंड सेटिंगमधला स्पीकर टेस्ट चालवा आणि संगणकात साठवलेला एखादा व्हिडिओ लावा. तोही बारीक येत असेल तर दोष सिस्टिमच्या किंवा कार्डाच्या पातळीवर आहे. तो दणदणीत आणि कॉल तेवढा बारीक असेल, तर कॉलचा प्रवाह किंवा ब्लूटूथचा प्रकार बघायचा. कॉलवर एकाच माणसाचा आवाज बारीक असेल तर तुमच्या संगणकाला हात लावू नका, त्यांचा माइक बघायला सांगा. सोसायटीच्या ऑनलाइन सभेत हे नेहमी होतं: सचिवांचा आवाज येत नाही म्हणून वीस घरांत वीस जण आपापले स्पीकर वाढवतात आणि पुढचा माणूस बोलला की सगळे दचकतात.

चौथी शक्यता उलटी आहे. तुम्हाला सगळं नीट ऐकू येतं, पण समोरचे म्हणतात की तुमचा आवाज खोल विहिरीतून येतोय. त्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, तो पुढे येईल.

हत्यार एकच, पण ते बसवून घ्या

सेटिंगमधल्या साध्या स्लायडरवर सगळ्या कळा दिसत नाहीत. सॉफ्टवेअरच्या दुकानात ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ शोधा आणि बसवा. टर्मिनलमधून बसवायचं तर पॅकेजचं नाव पी-ए-व्ही-यू आणि त्याला जोडून कंट्रोल, मध्ये जागा नाही. नावात पल्सऑडिओ असलं तरी ते पाइपवायरवरही तसंच चालतं. फेडोरा ३४ पासून, उबुंटू २२.१० पासून आणि लिनक्स मिंट २२ पासून आवाजाचं काम पाइपवायर बघतं. उबुंटू २२.०४ वर अजून पल्सऑडिओ आहे. आपल्याकडे काय आहे ते बघायला टर्मिनलमध्ये पी-ए-सी-टी-एल, जागा सोडून इन्फो, असं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा; ‘सर्व्हर नेम’ या ओळीत उत्तर मिळतं.

आता खराखुरा कॉल लावा आणि कॉल चालू असतानाच ही खिडकी उघडा. ही अट महत्त्वाची आहे. ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये ॲप तेव्हाच दिसतं जेव्हा त्याचा आवाज चालू असतो. कॉल संपल्यावर बघायला गेलात तर तिथे काहीच नसतं आणि माणूस समजतो की इथे कळ नाहीच. एकट्याने तपासायचं असेल तर फोनवरून त्याच मीटिंगमध्ये शिरा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याच्याजवळ रेडिओ लावा.

ऐकू येणारा आवाज बारीक असेल तर

‘प्लेबॅक’मध्ये कॉलची ओळ शोधा. क्रोममध्ये ती क्रोमच्याच नावाने दिसते. फायरफॉक्समध्ये ‘ऑडिओ कॉलबॅक ड्रायव्हर’ असं विचित्र नाव दिसलं तर तीच कॉलची ओळ. तिचा स्लायडर १०० टक्क्यांवर, म्हणजे शून्य डेसिबलवर आणा.

हा स्लायडर खाली कसा गेला असेल, याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. सिस्टिम प्रत्येक ॲपची पातळी ॲपच्या नावाने लक्षात ठेवते. रात्री घरातले झोपलेले असताना ब्राउझरमधला व्हिडिओ ३० टक्क्यांवर आणला असेल, तर सकाळी ऐरोलीच्या ऑफिसचा कॉल त्याच ब्राउझरमध्ये उघडला की तोही ३० वरच सुरू होतो. सिस्टिमचा मुख्य स्लायडर मात्र शंभर दाखवत राहतो. ब्राउझरमधून कॉल घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच बघावं. मायक्रोसॉफ्टने टीम्सचं लिनक्ससाठीचं स्वतंत्र ॲप २०२२ च्या डिसेंबरात बंद केलं, तेव्हापासून टीम्सवाल्यांनाही ब्राउझरचाच रस्ता आहे.

दुरुस्ती टिकत नसेल, दर कॉलला स्लायडर पुन्हा खाली दिसत असेल, तर पाइपवायरवर ही आठवण पुसता येते. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा, ‘.लोकल’मधल्या ‘स्टेट’मध्ये ‘वायरप्लंबर’ नावाचं फोल्डर सापडेल. त्याचं नाव बदलून ठेवा, लॉगआउट करून परत या. नवं कोरं फोल्डर तयार होतं आणि सगळ्या पातळ्या मुळावर येतात. ब्लूटूथच्या आणि इतर उपकरणांच्या आवडीही यात जातात, त्या पुन्हा निवडाव्या लागतील.

त्यानंतर ‘आउटपुट डिव्हायसेस’ टॅब. इथे दोन गोष्टी बघा. पहिली, आवाज जातोय कुठे? एचडीएमआयने मॉनिटर जोडला की पुष्कळदा आवाज गुपचूप मॉनिटरच्या इवल्याशा स्पीकरकडे वळतो. अशा वेळी मॉनिटरच्या मागच्या बटणांतून त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम वाढवा, नाहीतर ‘प्लेबॅक’मध्येच कॉलच्या ओळीवरून दुसरं उपकरण निवडा. दुसरी, डावी-उजवी बाजू सारखी आहे का? कुलपाचं चिन्ह सोडवलं की दोन स्लायडर वेगळे दिसतात. एक शून्यावर पडलेला असेल तर आवाज बारीकच वाटणार.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकरचा आणखी एक स्लायडर आहे. जित्सीत प्रत्येक माणसाच्या चौकटीवर त्याचा वेगळा स्लायडर मिळतो, एकच सहकारी हळू बोलत असेल तर त्याचा उपयोग करा.

कार्डाच्या आतल्या कळा

वरचं सगळं शंभरावर असून आवाज मेलेलाच असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर टाइप करा, इंग्रजीत, लहान अक्षरांत, जोडून. उघडल्यावर एकच पट्टी दिसली तर निराश होऊ नका. ती पाइपवायरची किंवा पल्सची बाहेरची पट्टी आहे. एफ६ दाबून यादीतून खरं कार्ड निवडा, साधारण ‘एचडीए इंटेल’, ‘एसओएफ’ किंवा ‘एचडी-ऑडिओ जेनेरिक’ अशा नावाचं. आता मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम अशा पट्ट्या दिसतील. पट्टीखाली दोन एम दिसले तर ती बंद आहे, एम दाबून दोन शून्यं आणा. वर-खाली बाणांनी पातळी बदलते.

सिस्टिमचा स्लायडर यातल्या काही पट्ट्या स्वतः हलवतो, पण सगळ्या हलवतोच असं नाही. ‘स्पीकर’ किंवा ‘पीसीएम’ अर्ध्यावर राहून गेली तर वरून कितीही ढकला, फरक पडत नाही. ‘ऑटो-म्यूट मोड’ चालू असेल आणि जॅकमध्ये काही अडकलंय असा कार्डाचा समज झाला असेल, तर लॅपटॉपचे स्पीकर पूर्ण गप्प होतात. बदल केल्यावर एस्केप दाबून बाहेर पडा. रीस्टार्टनंतर पट्ट्या परत पडत असतील तर आधी सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारा शब्द) लावून अल्सा-सीटीएल स्टोअर ही आज्ञा द्या. अल्सा आणि सीटीएल टाइप करताना जोडून, स्टोअर वेगळं.

दीडशे टक्के कधी?

सगळ्या कळा शंभरावर आल्या आणि तरी कमी पडतंय, तेव्हाच. नोम डेस्कटॉपवर ॲक्सेसिबिलिटीच्या ‘हिअरिंग’मधलं ‘ओव्हर-ॲम्प्लिफिकेशन’ (जुन्या आवृत्त्यांत ते साउंड सेटिंगमध्ये आहे), केडीई डेस्कटॉपवर ‘रेझ मॅक्सिमम व्हॉल्यूम’. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवरही साउंडच्या सेटिंगमध्ये कमाल मर्यादा १५० पर्यंत नेता येते. १५० टक्के म्हणजे सुमारे साडेदहा डेसिबलची वाढ, पण ती सॉफ्टवेअरमधली, आकड्यांची वाढ आहे. समोरून आवाज आधीच मोठा आला तर त्याची टोकं कापली जातात आणि तो फाटतो.

माझ्या मते कॉलसाठी यापेक्षा ‘ईझी इफेक्ट्स’ हे ॲप बरं. ते पाइपवायरवरच चालतं. आउटपुट बाजूला आधी कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारा) आणि त्याच्यापुढे लिमिटर (ठरल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा) लावा. सुरुवातीला थ्रेशोल्ड उणे २४ डेसिबल, रेशो ४, मेकअप ८ डेसिबल आणि लिमिटर उणे १ डेसिबलवर ठेवा. हळू बोलणारा वर येतो, मोठ्याने बोलणारा आहे तिथेच राहतो. ज्येष्ठांसाठी, परदेशातल्या मुलांशी रोज बोलणाऱ्यांसाठी, हा फरक फार मोठा आहे. ऐकताना ताण कमी होतो आणि ‘काय म्हणालास?’ म्हणून थांबावं लागत नाही. संगीत ऐकताना मात्र ते बंद ठेवा.

ब्लूटूथ: नेकबँड आणि इअरबड

गाण्यांना आवाज भरपूर आणि कॉल सुरू होताच बारीक, डबक्यातून आल्यासारखा. हे ब्लूटूथच्या दोन प्रकारांमुळे होतं. गाण्यांसाठी एटूडीपी हा एकतर्फी, चांगल्या दर्जाचा प्रकार वापरला जातो, त्यात माइक नाही. माइक लागला की हेडसेट एचएफपी किंवा एचएसपी या फोनच्या प्रकारात जातो. दोन्ही प्रकारांची पातळी वेगळी साठवली जाते, म्हणून गाण्याच्या वेळी शंभर केलेली कळ कॉलच्या वेळी चाळीसवर असू शकते. उपाय सोपा आहे: कॉल चालू असताना, फोनच्या प्रकारात असतानाच, संगणकाची कळ आणि नेकबँडवरचं अधिकचं बटण दोन्ही वाढवा. पुढच्या वेळी ते लक्षात राहतं.

दर्जा सुधारायचा तर ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये हेडसेटच्या प्रकारांची यादी उघडा. सीव्हीएसडी आणि एमएसबीसी असे दोन पर्याय दिसले तर एमएसबीसी घ्या. पहिला आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने पाठवतो, दुसरा १६,०००. शब्दांची टोकं, विशेषतः स, श, फ, दुसऱ्यात खूप स्पष्ट येतात, आणि तेवढ्यानेच आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो.

त्याहून उत्तम म्हणजे मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा यूएसबीचा माइक निवडणं आणि नेकबँड फक्त ऐकायला ठेवणं. मग ‘हाय फिडेलिटी प्लेबॅक’ हाच प्रकार ठेवता येतो. काही आवृत्त्यांत सिस्टिम तरीही फोनच्या प्रकारात उडी मारते. तेव्हा ‘कॉन्फिगरेशन’मधून हाताने परत आणा.

तुमचा आवाज समोर बारीक जात असेल तर

कॉल चालू ठेवून ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडा. तिथे ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारं नाव निवडलेलं असेल तर तुमचा माइक जोडलेलाच नाही, स्पीकरचा आवाज परत पाठवला जातोय. यादीतून खरा माइक निवडा. मग ‘इनपुट डिव्हायसेस’मध्ये नेहमीच्या आवाजात बोला आणि खालची हलती पट्टी बघा. ती साधारण मधल्या भागापलीकडे जायला हवी, टोकाला सतत आदळता कामा नये.

पट्टी हलतच नसेल तर अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून रेकॉर्डिंगच्या कळा बघा: ‘कॅप्चर’ आणि ‘इंटर्नल माइक बूस्ट’. बूस्टच्या पायऱ्या बहुतेक कार्डांत ०, १०, २० आणि ३० डेसिबल अशा असतात. एक पायरी चढवा, तपासा, मग दुसरी. ३० वर पंख्याची घरघर आणि कार्डाची सूंसूं तुमच्याइतकीच मोठी होते.

माइकच्या जागेचा फायदा याहून स्वस्त आहे. तोंड आणि माइक यांतलं अंतर ६० सेंटीमीटरवरून ३० वर आणलं की ६ डेसिबल मिळतात, १५ वर आणलं की १२. खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. ठाण्यात गजबजलेल्या घोडबंदर रोडला खिडकी असलेल्या घरात किंवा पावसाळ्यात पत्र्यावर धो धो पाऊस कोसळत असताना याला पर्याय नाही, कारण तिथे अडचण पातळीची कमी आणि गोंगाटाची जास्त असते. सतत चालणाऱ्या आवाजात मीटिंगचं ॲप नॉइज सप्रेशन (गोंगाट कापणं) जोरात लावतं आणि त्यात तुमचा आवाजही खरवडला जातो. झूममध्ये हे सप्रेशन ‘लो’वर आणून बघा. डोक्यावरचा पंखा एक आकडा कमी करणं आणि खिडकी लावणं हेही दुरुस्तीतच मोडतं.

आता सगळ्यात चकवणारा दोष. तुम्ही माइक ८० वर ठेवता आणि दहा मिनिटांनी तो २५ वर असतो. मीटिंगची ॲपं माइकची पातळी स्वतः बदलतात. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला, कोणी जवळ खोकलं, बूस्ट जास्त असल्याने पट्टी टोकाला आदळली, की ॲप माइक खाली ओढतं आणि पुष्कळदा तिथेच सोडतं. ‘इनपुट डिव्हायसेस’ समोर ठेवून बोला. स्लायडर डोळ्यांदेखत सरकताना दिसेल. झूममध्ये ‘ऑटोमॅटिकली ॲडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम’वरची खूण काढा. ब्राउझरमध्ये अशी सोपी खूण बहुधा मिळत नाही, तिथे बूस्ट एक पायरी उतरवा आणि हेडफोन लावा, म्हणजे ओढण्याचं कारणच राहत नाही. तरी भागलं नाही तर पाइपवायरच्या पल्सवाल्या सेटिंग फाइलीत ‘ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम’ नावाचा नियम आहे. तो ब्राउझरला लावला की ब्राउझरला माइकची कळ हलवता येत नाही. फाइल बदलण्याआधी तिची प्रत होम फोल्डरच्या ‘.कॉन्फिग’मधल्या ‘पाइपवायर’ फोल्डरमध्ये करून घ्या आणि बदल त्या प्रतीतच करा. मूळ फाइल अपडेटच्या वेळी पुसली जाते.

काही जुन्या लॅपटॉपच्या आतल्या माइकचा एक चॅनल उलटा जोडलेला असतो. तुम्ही रेकॉर्ड करून ऐकलंत तर सगळं छान. मीटिंगचं ॲप दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो बनवतं, तेव्हा दोघे एकमेकांना खोडतात आणि समोर फक्त कुजबुज पोचते. ‘इनपुट डिव्हायसेस’मध्ये कुलूप सोडवा आणि उजवा चॅनल शून्यावर आणा. आवाज एकदम उघडला तर दोष सापडला. तसंच ठेवून वापरत राहा, बोलण्यासाठी एक चॅनल पुरतो.

माइक यादीतच नसेल तर नव्या इंटेल लॅपटॉपांत बहुधा साउंड ओपन फर्मवेअर बसवलेलं नसतं. डेबियनवर त्याचं पॅकेज ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरावर ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’. बसवून संगणक पूर्ण रीस्टार्ट करा.

जॅक, वायर आणि खाडीची हवा

वायरच्या हेडफोनमध्ये गाण्याचं संगीत ऐकू येतं पण गायकाचा आवाज गायब, कॉलवर तर माणूस जवळजवळ ऐकूच येत नाही, असं झालं तर सॉफ्टवेअर सोडा. पिनचा ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांचा सामाईक संपर्क, टेकत नाहीये. मग कानात डाव्या-उजव्यातला फरक तेवढा येतो, आणि बोलणं दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे तेच खोडलं जातं. पिन शेवटपर्यंत दाबा. लॅपटॉपचं कव्हर आडवं येत असेल तर काढा. खूप जुना फोन-हेडसेट असेल तर त्याची चार पट्ट्यांची पिन ओएमटीपी पद्धतीची असू शकते, म्हणजे माइक आणि ग्राउंडच्या जागा उलट. लॅपटॉप सीटीआयए ही दुसरी पद्धत मानतात. त्यासाठी अदलाबदल करणारा छोटा अडॅप्टर मिळतो.

वाशी, बेलापूर, कळवा, कोपरी या खाडीलगतच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जॅकच्या आतल्या पत्तीवर थर चढतो आणि आवाज एका बाजूने जातो किंवा पिन फिरवली की येतो-जातो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. जुन्या हेडफोनच्या पिनवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घ्या, आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, आणि अर्धा तास वाळू द्या. अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडेही असतो. गंज सोडवायचं घरातलं तेल वापरू नका, त्याचा चिकट थर धूळ धरतो. माइकच्या भोकात सुई तर कधीच घालू नका. पडदा फाटला की तो माइक गेला. मऊ, कोरडा टूथब्रश पुरेसा.

लॅपटॉपचे स्पीकरच जन्मापासून बारीक असतील तर

विंडोजवर दणदणीत आणि लिनक्सवर पत्र्याचा डबा वाजल्यासारखा आवाज, खर्ज मुळीच नाही, असं असेल तर लॅपटॉपमध्ये बहुधा स्मार्ट ॲम्प्लिफायर आहे, सिरस लॉजिकचा सीएस३५एल४१ किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएएस२७८१ या जातीचा. त्याला चालू करणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आणि फर्मवेअरची (चिपमध्ये भरायच्या सॉफ्टवेअरची) फाइल वेगळी, दोन्ही लागतात. नाहीतर उंच स्वरांचे स्पीकर तेवढे वाजतात आणि मुख्य स्पीकर गप्प राहतात. डी-एम-ई-एस-जी (जोडून) या आज्ञेच्या उत्तरात ही नावं शोधा. शेजारी ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ दिसलं तर कारण तिथेच आहे. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करा आणि वितरणात मिळणारं सगळ्यात नवं कर्नल घ्या. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवर त्यासाठी एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचं, कर्नल आहे. या लॅपटॉपांत ईझी इफेक्ट्सने खर्ज वाढवू नका. बंद असलेला स्पीकर त्याने वाजत नाही, चालू असलेल्यांवर मात्र भार येतो.

कर्नलचा आधार येईपर्यंत यूएसबी साउंड अडॅप्टर किंवा यूएसबी हेडसेट सरळ चालतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दोन भोकांचा अडॅप्टर घेतलात तर चार पट्ट्यांच्या पिनचा माइक त्यात चालणार नाही. त्यासाठी एका भोकाचा, हेडसेटचं चिन्ह असलेला अडॅप्टर मागा. जोडल्यावर अल्सामिक्सरमध्ये एफ६ दाबून त्याचं कार्ड निवडा आणि त्याच्या स्वतःच्या पट्ट्या एकदा वर आणून ठेवा.